आक्का सोडून सगळं मुलुंड

लग्न होऊन मी मुलुंडच्या या बिल्डिंगमध्ये राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्याच तळमजल्यावरचे एक गृहस्थ दारात उभे. हातात स्टीलचा डबा, डब्यात सोलकढी. मी "या ना" म्हटलं, तर आत यायचं सोडून हे माझ्या डोळ्यांत टक लावून बघत राहिले. मी पदर सावरला, खोकले, इकडे तिकडे बघितलं. यांचं आपलं चालूच. शेवटी मान डोलावून म्हणाले, "झकास!"

एक ठेवून द्यायच्याच बेतात होते मी. त्यांच्या हातात सोलकढी होती म्हणून थांबले.

"कॉर्निया गं," ते म्हणाले. "काय स्वच्छ आहे! चष्मा नाही, काही नाही. नीट सांभाळ हो. पुढच्याच्या उपयोगी पडेल."

"कुठल्या पुढच्याच्या?"

"तू गेल्यावर ज्याला लागेल त्याच्या."

हातावरची मेंदी उतरली नव्हती माझ्या, आणि हा माणूस म्हणतोय 'तू गेल्यावर'! संध्याकाळी संदेश, म्हणजे माझा नवरा, घरी आला. मी तणतणत त्याला सगळं सांगितलं, तर तो सोफ्यावर आडवा होऊन हसायला लागला. "परबकाका ना? अगं, मी शाळेत असल्यापासून माझ्या किडन्यांवर त्यांची नजर आहे. मला तर ते वाढदिवसाला पाणी पी, पाणी पी करतात. किडन्या धुवून निघतात म्हणे."

तर असे हे दिगंबर परब. मूळचे मालवणकडचे. ट्रॉम्बेच्या बाजूला एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, तिथूनच रिटायर झाले. लग्न केलं नाही. सडपातळ बांधा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. जन्मभर गोदाम सांभाळलेला माणूस, त्यामुळे वाया जाणं म्हणून जे काही असतं त्याचा त्यांना मनस्वी संताप. कुणी जिना उतरताना लाइट चालू ठेवला तर मागे धावत जाऊन बोलतील. आणि माणसाचं शरीर म्हणजे तर त्यांच्या लेखी सरळ माल. चालू माल, पडून असलेला माल, निगा न ठेवलेला माल. मी एकदा म्हटलं, "काका, माणसांना माल काय म्हणता हो? शोभतं का?" तर म्हणाले, "माणसाला नाही म्हणत गं. माणूस जातो. मागे राहतो तो माल."

त्यांचा ठरलेला मुद्दा एकच, आणि तो त्यांनी वाण्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना ऐकवलेला. "मुंबईत माणूस फ्लॅट सोडतो तेव्हा काय करतो? पंखे काढतो, ट्यूब काढतो. बाथरूमचा नळसुद्धा काढून नेतो आणि तिथे लाकडी बूच मारतो! आणि तोच माणूस जग सोडताना एवढे चालू डोळे, एवढी कातडी तशीच जाळून टाकतो? हॉस्पिटलात मेंदू बंद पडून गेला तर किडन्या, लिव्हर, हृदय, सगळं धडधडतं आहे, तेही जाळतो? अरे, आहे काय तुमच्या डोक्यात?" डोक्यात काय आहे ते मात्र त्यांना नको असायचं. मेंदू दुसऱ्याला बसवता येत नाही याचं त्यांना दुःख नव्हतं. म्हणायचे, आपल्या सोसायटीतल्यांचा कुणी घेतलाही नसता.

दर रविवारी सकाळी बागेच्या फाटकापाशी गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवून उभे राहणार. पाटीवर स्वतःच्या हाताने लिहिलेलं, 'जाताना रिकामे जा'. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटायचं, जवळपास सार्वजनिक शौचालय असावं. एकाने खरंच विचारलं होतं, कुठल्या बाजूला म्हणून. काकांनी त्याला पंधरा मिनिटं पकडून ठेवलं. बिचारा अडचणीत होता हो.

तिसऱ्या मजल्यावरचा सुहास शनिवारी घेणाऱ्यातला. त्याच्या बायकोने रडून, भांडून, माहेरी जाऊन बघितलं, काही फरक नाही. काका एकदा नुसते त्याच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "पी रे, पी. मी कोण तुला अडवणारा? पण ते लिव्हर काय तुझ्या एकट्याचं आहे? उद्या कोणाला लागलं, तर त्याला मी काय हे भंगार दाखवू?" दारू काही सुटली नाही, पण काकांचा आवाज आला की सुहास अजूनही ग्लास पडद्यामागे ठेवतो. स्वतःचं लिव्हर पिताना त्याला चोरी केल्यासारखं वाटतं.

पण खरी गंमत साठेआजोबांची. आजोबांना सर्दी झाली. साधी सर्दी, नाक गळतंय, एवढीच. परबकाका सहज, माणुसकी म्हणून, चार संत्री घेऊन बघायला गेले. आजोबांनी डोळे उघडले, समोर परब. संत्री राहिली बाजूला, आजोबांनी किंचाळून घरच्यांना हाक मारली, "अरे, डॉक्टर काय बोललाय ते मला खरं सांगा! हा का आलाय?" मुलगा ऑफिस सोडून धावत आला, सूनबाई रडायला लागली, शेजारीण गंगाजळ शोधायला लागली. काका आपले दारात उभे राहून सांगतायत, "अहो, आज काही घाई नाही!" त्या 'आज'नेच साठेआजोबांचा बीपी वाढला. तेव्हापासून सोसायटीत अलिखित नियम झाला, आजारी माणसाला बघायला परबांनी जायचं नाही.

आपल्याकडे कोणाला अंगावर धावून जायला कारण लागत नाही, तिथे हा माणूस अशा गोष्टी बोलूनही मार न खाता राहिला, याचं कारण एकच. वेळ आली की ते खरंच उभे राहायचे. बिल्डिंगमध्ये कोणी गेलं की डॉक्टर, दाखला, मोटारीची व्यवस्था, सगळं तेच बघणार. आणि घरच्यांनी हो म्हटलं तर नेत्रपेढीला फोनही तेच करणार. त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला शिकवून ठेवलं होतं. माणूस गेला की पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि पंखा बंद करायचा, नाहीतर डोळे सुकतात. गच्चीवर त्याची चक्क तालीम व्हायची. मेलेला माणूस म्हणून दरवेळी वॉचमन झोपायचा आणि खरोखरच झोपी जायचा.

आता तुम्ही म्हणाल, अशा माणसाच्या स्वतःच्या घरी काय, सगळं ठरलेलंच असेल. तिथेच तर वाट लागलेली होती.

कारण घरी आक्का होत्या. काकांच्या थोरल्या बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी आल्या. पुढे आई गेली तेव्हा काका अजून शाळेत होते. आक्कांनी शिवणकाम करून त्यांना वाढवलं आणि मुंबईत नोकरी लागली तेव्हा त्यांच्याबरोबर इथे आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळ मोकळं, तोंड फटाक्यासारखं. भावाला आयुष्यात त्यांनी कशाला म्हणून नाही म्हटलं नव्हतं. लग्न करत नाही म्हणाला, बरं. सुट्टीचा दिवस पाटी गळ्यात घालून उन्हात उभा राहतो, राहू दे, टोपी घाल. पण डोळ्यांचा विषय निघाला की आक्का पदर खोचून उभ्या राहायच्या.

आणि नेमकं तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं. कारण माणसाने स्वतः किती का कार्डं भरून ठेवेना, शेवटी विचारतात ते घरच्यांना. घरचे नाही म्हणाले की संपलं. काकांना घर म्हणजे एकट्या आक्का. सबंध मुलुंडला पटवून ठेवलेला हा माणूस, आक्का नाही म्हणाल्या तर स्वतःचे डोळे घेऊनच जाणार होता. ही त्यांच्या मनाला लागलेली बोच होती. कुणी मुद्दाम छेडलं, "काय काका, घरून परवानगी आली का?" तर एरवी तोंडाळ माणूस, एकदम घड्याळात बघायचा.

त्यांची भिंत आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये फक्त जिना. रोज संध्याकाळी भांडण ऐकू यायचं. बाहेर शहरी बोलणारे काका घरात शिरले की पार मालवणी.

"आक्का, माझे तरी दी गो. तुझे नको."

"मेल्या, पुढल्या जन्मात आंधळो जन्माक येशील!"

"येऊ दे. तेव्हा दुसरो कोण माका देईत."

"आणि वरती आयेक वळाखतलस कसो? आये थंय वाट बघता. डोळे नाय तर तू तिच्या बाजूसून निघान जाशील."

"वर काय लोडशेडिंग आसा? ती वळाखतली ना माका!"

"गप रव. माजे नाय आणि तुजे पण नाय. आयेक मी काय सांगू?"

आता यावर काय बोलणार? शास्त्र असतं, डॉक्टर असतो, पुस्तकं असतात, पण वर वाट बघणाऱ्या आईला काय उत्तर? काका पाय आपटत बाहेर येऊन जिन्यात बसायचे. मला म्हणायचे, "हिला कोणीतरी समजव गं. मी हरलो." मी समजवायला जायची, तर आक्का मला गरम घावणे आणि चटणी वाढायच्या. खाऊन परत यायची मी.

शेवटचा उपाय म्हणून काकांनी एका मुलीला घरी चहाला आणलं. भांडुपची, कॉलेजात शिकणारी. एका डोळ्याने दिसेनासं झालं होतं, कोणीतरी दिलेल्या कॉर्नियामुळे आता दिसतं. मीही होते तिथे. आक्का त्या पोरीच्या समोर बसल्या आणि तिचा चेहरा हातात धरून बघतच राहिल्या. "ह्या डोळ्यान तुका दिसता?" असं विचारलं. ती "हो आजी" म्हणाली तशा घळाघळा रडल्या. तिची ओटी भरली, बेसनाचे लाडू बांधून दिले, स्वतः चौकापर्यंत पोचवून रिक्षात बसवलं. काका माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होते. झालं आपलं काम! आक्का परत आल्या, पदराने डोळे पुसले, म्हणाल्या, "काय गुणाचा चेडू. देव तेका बरा करो. पण माजे देवचंय नाय."

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. मी एवढी हसले की ठसका लागला.

आणि मग गेल्या मे महिन्यात एका शनिवारी सकाळी माझ्या दारात परबकाका. शर्टाची बटणं वरखाली लावलेली. "मीनल," ते म्हणाले, "आक्का उठत नाही गं."

मी धावत गेले. आक्का पलंगावर कुशीवर होत्या, शांत. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टर नाईकांनी येऊन बघितलं आणि मान हलवली. झोपेतच गेल्या होत्या. काका पायथ्याशी बसले, आक्कांचे पाय मांडीवर घेतले आणि दाबत राहिले. रोज रात्री दाबायचे तसे.

आणि मग आमची बिल्डिंग कामाला लागली. कुणी कुणाला सांगितलं नाही. सुहासने पंखा बंद केला. त्याच्या बायकोने उशी दिली. साठ्यांच्या सुनेने कापूस भिजवून आणला आणि आक्कांच्या मिटल्या डोळ्यांवर ठेवला. सेक्रेटरी ओकांनी नेत्रपेढीला फोनसुद्धा लावला आणि मोठ्या अभिमानाने पत्ता सांगितला. गच्चीवरच्या तालमींमध्ये जेवढं शिकवलं होतं तेवढं सगळं, एकही चूक न करता. एकच गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. काकांना विचारायची. परबांच्या घरी कसलं विचारायचं?

नेत्रपेढीची माणसं लगेच आली. काकांच्या ओळखीचीच, त्यांनी कितीतरी घरी नेलेली. त्यातली एक मुलगी काकांजवळ बसली, हळू आवाजात म्हणाली, "काका, घरचे तुम्हीच. नियम आहे म्हणून विचारते. हो ना?"

सगळे दारात उभे होते. सगळ्यांना उत्तर माहीत होतं. मला तर मनातून बरंही वाटत होतं. वाटलं, चला, आक्का गेल्या, पण काकांचं एवढं तरी झालं.

काकांनी आक्कांकडे बघितलं.

"नाही," ते म्हणाले.

त्या मुलीला वाटलं त्यांना प्रश्न कळला नाही. तिने परत विचारलं. काका उठले. त्यांनी स्वतःच्या हाताने आक्कांच्या डोळ्यांवरचा कापूस काढला, टॉवेलच्या टोकाने पापण्या हलकेच पुसल्या. मग माझ्या नवऱ्याला म्हणाले, "संदेश, पंखा लाव रे. उकडतं आक्काला."

मग हात जोडून त्या मुलीला म्हणाले, "तुम्हाला फुकट खेप पडली. उन्हातून आलात, सरबत घेऊन जा."

ते लोक गेले. जिन्यात कुजबुज सुरू झाली. ओक तर मुद्दाम ऐकू येईल असं बोलले, "लोकांच्या घरी जाऊन ज्ञान पाजळायचं. स्वतःच्या बहिणीची वेळ आली तर पंखा लाव!" घरात आक्का होत्या म्हणून, नाहीतर त्या ओकांना मी तिथेच सोलून काढलं असतं.

पण खरं सांगते, मलाही कळलं नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर एकदा मी सरळ विचारलं. "काका, तुम्ही हो म्हणाला असता तर आक्कांना कळणार होतं का?"

"तिला नसतं कळलं. मला कळलं असतं ना."

"पण दोन माणसांना दिसलं असतं."

"दिसलं असतं. त्या दोघांचा विचार येतो गं मनात, येत नाही असं नाही." ते म्हणाले. "पण मी लोकांना काय सांगत फिरलो? तुमच्या शरीराचं काय करायचं ते तुम्ही सांगा, घरच्यांनी ते ऐकावं. मग आक्काचं कोणी ऐकायचं? जन्मभर मी मागितलं ते तिने दिलं. एवढी एकच गोष्ट दिली नाही. ती काय तिची पाठ फिरल्यावर काढून घेऊ?" आणि ते रडले. समोर बसून, लपवाछपवी न करता, नाक ओढत रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, मलाही रडू आवरेना.

मला वाटलं, आता ती पाटी माळ्यावर जाणार. रविवारी बघते तर काका फाटकापाशी उभे. ओक नेमके फिरायला आलेले. पाटी मोठ्याने वाचून म्हणाले, "काय परब, जाताना रिकामे जा? तुम्ही तर आक्कांना भरलेल्या पाठवलंत!" दोघं-तिघं हसले.

काका शांतपणे म्हणाले, "विचारलं होतं मी तिला. नाही म्हणाली. तुम्ही वहिनींना विचारलंय का?"

वहिनी शेजारीच उभ्या होत्या. "खरंच की हो," त्या म्हणाल्या, "मला कधी कोणी विचारलंच नाही." त्यांचं भांडण तिथेच सुरू झालं ते घरापर्यंत चाललं.

आणि मग उलटंच घडायला लागलं. एवढी वर्षं काकांना बघून रस्ता बदलणाऱ्या म्हाताऱ्या बायका आपण होऊन त्यांच्याकडे यायला लागल्या. साठेआजोबांच्या बायकोने जिन्यात गाठून विचारलं, "भाऊ, आम्ही नाही म्हटलं तर नाहीच ना? मेल्यावर घाई करून कोणी घेणार नाही ना?"

"नाही म्हटलं तर नाहीच, वहिनी. मी उभा राहीन दारात."

"मग माझं हो धरा," आजी म्हणाल्या. "पण ह्यांना सांगू नका, ह्यांचा बीपी वाढतो."

अशा कितीतरी जणी. पार नाहूरपर्यंतच्या. एवढी वर्षं घसा फोडून जे झालं नव्हतं ते एका नकाराने झालं. मी एका संध्याकाळी माशाचं कालवण घेऊन त्यांच्याकडे गेले. ते जमिनीवर बसून लसूण सोलत होते, कोणासाठी कोण जाणे, स्वयंपाक काही केलेला दिसत नव्हता. मी म्हटलं, "काका, आता तुमचं काय? तुमच्यासाठी घरचं कोण? मी सांगते, मी करीन फोन. आणि कोणी विचारलं तर हो पण मीच म्हणीन. संदेशही म्हणेल. अख्खी बिल्डिंग म्हणेल."

"म्हणाल गं. तुम्ही सगळे म्हणाल," ते म्हणाले. "आता काही अडचणच उरली नाही."

मला वाटलं ते खूश होतील. ते खाली मान घालून तीच पाकळी पुन्हा पुन्हा सोलत राहिले.

"रोज संध्याकाळी घरी यायचो ना मीनल, तेव्हा आज कसं पटवायचं तेच ठरवत यायचो," ते म्हणाले. "नाही म्हणणारं का होईना, घरात कोणीतरी होतं."